वित्स्केचा पत्ता

हिल्के बाळा,

गुरुवारच्या अंत्यविधीच्या घंटेची वेळ ठरवायला चर्चमध्ये गेलोय. वाटाण्याचं सूप गरम करून घे.

आजी गेल्याचा ईमेल लिहून ठेवलाय, तो तू पाठव. ‘संपर्क’ उघडून ‘गायनमंडळ’ या गटावर टिचकी मार, सगळे पत्ते एकदम येतील. त्यातला आजीचा स्वतःचा काढ. अडलीस तर थांब, मी आल्यावर मिळून करू.

आजीची बहीण वित्स्के यादीत सापडणार नाही. “या घरात तिचं नाव नको,” म्हणत अकरा वर्षांपूर्वी मीच तिचा पत्ता पुसला. पण पत्त्याच्या रकान्यात डब्ल्यू दाबलंस की तिचं नाव आपोआप येतं. आपण ज्यांना लिहितो, त्यांचे पत्ते प्रोग्राम लक्षात ठेवतो. आजी तिला लिहीत होती, हे मला काल कळलं.

तिला सगळ्यांच्या आधी पाठव. खाली माझं नाव घाल.

आजोबा