घ्यायला येण्याआधी

प्रिय हेमराज,

नावाने लिहिलं, तुमच्या आईंना सांगू नका. रविवारी तुम्ही आम्हाला न्यायला येताय. माझ्या आईने डिंकाचे लाडू डब्यात भरलेत. एक गोष्ट तेवढी तुम्हाला सांगायची नाही, असं इथे ठरलंय. फोनवर बोलावं तर आई शेजारी बसते आणि तुमच्याकडे सगळं घर ऐकतं, म्हणून हा कागद तुमच्या चोपड्याला निघालेल्या ज्ञानेश्वरमामांजवळ देते.

पोर छान आहे. दूध पिताना तिच्या नाकावर घाम येतो. सगळे म्हणतात, बापाचं नाक घेतलंय. मी हसते. पण आत काही हलत नाही. दात काढताना भूल दिलेली जागा असते ना, तशी सगळी मीच झालेय.

पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून मी एरंडोलला आले. कळा वाढल्या तेव्हा तुम्ही शेतात केळीची गाडी भरत होतात. तुम्ही जळगावला दवाखान्यात पोचलात तेव्हा माझ्या आबांनी सांगितलं, सिझर झालं. सिझर नव्हतं. पोर सुखरूप झाली, नंतर माझं रक्त थांबेना. बाटल्यांवर बाटल्या चढवल्या. शेवटी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गर्भपिशवी काढली नाही तर तुमची मुलगी हातची जाईल. आबांनी सही केली. त्यांचा मला राग नाही. कशाचाच येत नाही.

शुद्धीवर आले तशी आई कानाशी म्हणाली, "आते कोनले काही सांगू नको पोरी, बठ्ठं बरं व्हई जाई." तिचं म्हणणं, सगळं बरं होईल, झाकली मूठ सव्वा लाखाची, अंगावर दूध आहे तोवर पाळी आली नाही तरी कोण विचारतंय. मीही गप्प राहिले. मग परवा तुमच्या आई आल्या. माझी ओटी भरली, पोरीचा पापा घेतला आणि म्हणाल्या, येताना पद्मालयाच्या गणपतीला नवस बोलून आले, पुढच्या खेपेला नातू. माझी आई हो हो म्हणाली. मी नारळ मांडीवर घेऊन बसले होते. तेव्हाही रडू आलं नाही.

पण मी तिकडे आले की दर महिन्याला त्या वाट पाहतील, आणि तुम्हीही. ते मला बघवणार नाही. म्हणून लिहिलं. मला आता मूल होणार नाही, ही एकच पोर. हे जाणून या. आईंना तुम्ही सांगा, माझ्यात तेवढं बळ नाही. येणार नसाल तर आधी कळवा. आलात तर मला काही विचारू नका, समजूतही घालू नका. आधी पोरीला उचलून घ्या. मी बघत असेन.

तुमचीच,
मयुरी