गेस्ट टॉयलेटवर लावलेली पाटी

६ जानेवारी २०२५, सोमवार
सुरतेतल्या आमच्या कारखान्याच्या गेटवर नवा बोर्ड लागला! ‘एरोस्पेस’ हा शब्द पार पर्वत पाटियाच्या चौकातून दिसेल एवढा. त्याखाली मुंगीएवढं — ‘आणि इतर उत्पादने’. इतर म्हणजे पंप, बॅटरीच्या गाड्या आणि पॉवरलूमचे सुटे भाग. ज्याच्यावर ही कंपनी उभी राहिली ते लूमखातं आता ‘इतर’!

आमचं विमानखातं तीन वर्षांचं. विमानाच्या दाराच्या बिजागरीत बसणाऱ्या पिना करतो. पीन तपासून ‘पास’चा शिक्का मारायचा, हे माझं काम. बसमध्ये लूमखात्यातल्या हिलालदादांना म्हटलं, दादा, तुम्ही आता इतर. ते म्हणाले, “ते मी घरमा बी शे.”

८ जानेवारी, बुधवार
भूपेंद्रभाईंनी — आमचे मॅनेजर — सगळ्यांना उभं करून सांगितलं, सतरा तारखेला मोठ्या ग्रुपची माणसं येणार. कंपनी विकत घ्यायचं चाललंय. “रंजनाबेन, लूमवाला शेड नहीं दिखना चाहिए. परदा लगाओ.” का, तर तिथे तेल आहे, जुनी मशिनं आहेत, इज्जत जाते.

मग हळूच म्हणाले, सौदा झाला की ते शेड बंदच करायचंय. आठ माणसं आहेत, हिशोब देऊन टाकू.

आठ माणसं! त्यातले एक हिलालदादा. बारा वर्षांपूर्वी अमळनेरहून आले तेव्हा मी पॅकिंगमध्ये खोकी चिकटवत होते. जेवणाच्या सुट्टीत दादांनी माझ्या हातात मायक्रोमीटर दिला. चुकले की म्हणायचे, “परत मोज. लोखंड खोटं बोलत नही, तू बोली राहिनीस.”

पडदा मीच शिवून घ्यायचाय. हिरवा.

१३ जानेवारी, सोमवार
पडदा लागला. लग्नाच्या मांडवासारखा दिसतो. उधन्याच्या कापड कारखान्यांची तातडीची ऑर्डर आहे म्हणून लूमवाल्यांना सुट्टी देता येत नाही. तर हुकूम असा — पाहुणे जवळ आले की मशिनं बंद, आवाज बंद, गुपचूप बसायचं. हिलालदादा भडकले. “माले लपाडतस? मी काय चोर शे?”

मला एक कल्पना सुचलीय. इथेसुद्धा लिहीत नाही.

१४ जानेवारी, मंगळवार
उत्तरायण. गच्चीवर आमच्या ह्यांनी, शालिग्रामनी, दोन पतंग काटले आणि स्वतःचं बोटही. उंधियू जास्त झालं. कल्पना अजून डोक्यात आहे.

१७ जानेवारी, शुक्रवार
झालं!!

पाहुणे चौघे. बोलणाऱ्या एकच — पुण्याच्या ज्योती वैद्य, इंजिनिअर, केस पांढरे, पायात कारखान्याचे जाड बूट. भूपेंद्रभाईंनी त्यांना दोन तास चहा, नारळपाणी, परत चहा पाजला. मला हेच हवं होतं; पाहुण्यांत एक बाई आहेत हे यादीत आधीच वाचलं होतं.

सकाळीच मी पाहुण्यांच्या चकचकीत टॉयलेटला कुलूप घातलं आणि पाटी लावली — ‘रंग ओला आहे’. रंगाचा थेंबही नव्हता! दुसरं बायकांचं टॉयलेट एकच, लूमच्या शेडमागे, वाट शेडमधूनच.

ज्योतीबाईंनी हळूच मला विचारलं. मी म्हटलं, या, मी दाखवते. भूपेंद्रभाई बाकीच्यांना ‘एरोस्पेस व्हिजन’ दाखवत होते. मी पडदा बाजूला केला.

आत आठ माणसं ओळीत, तोंडावर बोट ठेवून बसलेली! बालवाडीसारखी! सगळ्यात पुढे हिलालदादा, अठ्ठावन्न वर्षांचे.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. “हे काय आहे?”

मी म्हटलं, “मॅडम, हे ‘इतर उत्पादने’.”

त्या इतक्या जोरात हसल्या! हिलालदादाही हसले. मग टॉयलेट राहिलंच बाजूला. बाईंनी एक दातेरी चाक उचललं, उलटंपालटं केलं. “हे कुठे जातं?” दादा म्हणाले, “उधन्यात, बाई. पांडेसऱ्यात, भिवंडीत बी. सकाळी दात तुटला तर संध्याकाळी नवं चाक पोचतं.” आणि खराब म्हणून परत किती येतात, बाईंनी विचारलं. दादांनी वही दाखवली. वर्षात तीन.

बाई पंचवीस मिनिटं तिथेच! मशिन चालू करायला लावलं. भूपेंद्रभाई शोधत आले, पडद्यापाशी थबकले. चेहरा असा, की मला खाली बघावं लागलं.

१८ जानेवारी, शनिवार
हसू विरलं. भूपेंद्रभाईंनी ती पाटी टेबलावर ठेवून विचारलं, “किसने लगाया?” आणि मी तोंड उघडायच्या आत हिलालदादा म्हणाले, “मी.”

खोटं! धडधडीत खोटं! आणि मी गप्प राहिले. गंमत करताना जीभ केवढी चालते माझी.

२० जानेवारी, सोमवार
काल दिवसभर जेवण गेलं नाही. आज सकाळी बसमधून उतरले ती थेट केबिनमध्ये. म्हटलं, “साहेब, पाटी मी लावली. अक्षर बघा, तपासणीच्या वहीत लिहिते तसंच आहे.”

भूपेंद्रभाईंनी पाटी उचलून वहीशेजारी धरली. “शुं कहुं तमने? तीन साल से शिक्का आप मारती हो, और आप ही...” तीन दिवस घरी बसवलंय, बिनपगारी. हिलालदादा माझ्यावरच चिडले — “मी निभावी लेतू ना!”

२३ जानेवारी, गुरुवार
घरी. शालिग्रामना सगळं सांगितलं. आधी रागावले. मग ‘तोंडावर बोट’ ऐकून चहा नाकात गेला.

७ फेब्रुवारी, शुक्रवार
सौदा झाला म्हणतात. कोणाला काही माहीत नाही. खात्यातल्या पोरी मला विचारतात, पगार वाढेल ना? विमानखातं म्हणजे काय चेष्टा! मी म्हटलं, वाढेल.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार
नोटीस लागली. खाली ज्योती वैद्यांची सही. लूमखातं सुरतेत राहणार, हिलालदादांच्या हाताखाली वाढणार. पिनांचं सगळं काम त्यांच्या बेळगावच्या कारखान्यात जाणार. आमच्या अकरा जणींना सुरतेत जागा नाही.

हिलालदादा नोटिशीपुढे उभे होते. माझ्याकडे वळून म्हणाले, “एक जागा माझ्या हातात शे. तपासणीची.”

अकरा जणी माझ्याकडे बघत होत्या. नाही — दहा. अकरावी मी.