गिरवलेली सही

हिमायतनगर, सोमवार, ११ ऑगस्ट १९९७

आज लिहायला बसले ती बहिणीच्या विनयमुळे. ह्यांच्या सह्यांच्या वहीतलं हॉकी कप्तानाचं पान तो अमेरिकेला नेणार म्हणतो. तिथे तज्ज्ञ सही तपासतात, खरी ठरली की पान प्लास्टिकमध्ये कायमचं बंद करून देतात.

"नामपल्लीच्या मैदानावर माझ्यासमोर केलीय. आणखी दाखला कशाला?" मी म्हटलं.

"मावशी, तुमचं वहाँ कौन मानते? ते काय तुमच्या शाळेतली पोरं आहेत?"

हसू आलं, पण मनात दुसरंच होतं. हे गेले त्या वर्षी ती सही पुसट झाली होती. शाळेत मी हजेरीपटातली पुसट नावं गिरवायचे, तशीच तीही माझ्या पेनाने गिरवली. जपण्यासाठीच ना? मग आता ती सही कोणाची? तज्ज्ञ खोटी म्हणाला तर ह्यांची सगळी वही खोटी? आणि गिरवलं हे लपवलं, तर मी कोण?

शेवटी विनयला सांगून टाकलं. "मग राहू द्या ना, मावशी," म्हणाला. मी म्हटलं, नाही, घेऊन जा. बरोबर केलं का, अजून कळत नाही.

विनयच्या हाती दिलं: ब्लेडने कापलेलं ते एक पान, आणि माझ्या सहीची चिठ्ठी. 'सही कप्तानाची आहे. वरची शाई माझी.'