फणसापासून आंब्यापर्यंत

अहो,

पोचले! फणसापासून आंब्यापर्यंत, कुणाचाही हात न धरता! तुम्हाला सांगितल्याशिवाय घास उतरेना, म्हणून पान तसंच ठेवून लिहायला बसले आहे. आतून मंदार आणि इरा हाका मारतायत. मारू देत.

आठवतं ना, निवृत्त झालात आणि मोबाइलवर बघून तो पट्टा मागवलात? 'याला स्लॅकलाइन म्हणतात, घरच्या घरी तोल सांभाळायचा खेळ,' असं ऐटीत सांगितलंत आणि बांधलात कुठे, तर कोवळ्या पोफळीला! जन्म रत्नागिरीत गेला आणि पोफळ वाकते हे ठाऊक नाही? ती वाकली आणि तुम्ही सपशेल पाचोळ्यात. मी हसून हसून दारातच बसले.

मग फणस आणि रायवळ आंबा ठरले. हापूसच्या कलमांना हात लावायची तुमची छाती नव्हती. साल काचू नये म्हणून बुंध्यांना गोणपाट गुंडाळलंत, पट्टा गुडघ्याएवढा उंच ठेवलात. संध्याकाळचा चहा झाला की मागीलदारी आपली सर्कस सुरू! सुट्टीत आलेल्या नातीचा, इराचा नंबर पहिला, माझा शेवटचा.

मी मध्यापर्यंत यायची. तिथे पट्टा लटलट कापायचा आणि मी तुमचा हात धरून खाली उतरायची. 'उद्या पोचशील,' तुम्ही म्हणायचात. आणि एक दिवस तुम्हीच निघून गेलात. असं करतं का हो कुणी?

फार राग आला होता तुमचा. पट्टा सोडून माळ्यावर टाकला.

गेल्या पावसाळ्यात पडवीच्या पायरीवर शेवाळावरून घसरले. हाड मोडलं नाही, पण मंदार ठाण्याहून धावत आला. "आई, एकटीने राहणं आता पुरे. मे महिन्यात येतो आणि तुला घेऊन जातो. घराला कुलूप लावू." काळजीनेच बोलला तो. पण कुलूप! आपल्या घराला! दिवाळी झाली तसा मी पट्टा खाली काढला.

मासे घेऊन येणारी शेवंती मदतीला आली. पाटी पायरीवर ठेवून माझा हात धरायची. "वयनी, पायाकडं काय बगताव? पाय काय पळून जातायत? समोर बगा!" आम्ही दोघी समोर बघायचो आणि मांजर बांगडा घेऊन पसार व्हायचं. हळूहळू हाताचं बोट झालं, मग बोटही सुटलं. तरी मध्यावर आलं की माझा उजवा हात आपोआप तुमच्या बाजूला जायचा आणि मी खाली यायची. रोज तेच.

आज सकाळी मंदारने माझी बॅग काढली. म्हटलं, "आधी मागीलदारी चल. आंब्यापर्यंत पोचले तर इथेच राहीन. पडले तर मुकाट्याने तुझ्याबरोबर येईन."

"आई, भलतंच काय!"

तोवर मी पदर खोचला होता. तो दोन्ही हात पसरून बाजूने चालत राहिला, अगदी तुमच्यासारखा. मध्यावर पट्टा कापायला लागला. उजवा हात तुम्हाला शोधायला निघाला. या वेळी मी तो वर उचलला आणि आंब्याच्या बुंध्यावरच्या गाठीकडे बघत राहिले. एक पाऊल. आणखी एक. गोणपाट हाताला लागलं!

"आजी पोचली!" इरा किंचाळली. गडग्याच्या दगडी भिंतीपलीकडून शेवंती ओरडली, "जितली गो माझी वयनी!"

मंदार चपला काढून स्वतःच चढला आणि दुसऱ्याच पावलाला पाचोळ्यात! शेवटी मुलगा कुणाचा! मी त्याला उठवत म्हटलं, "बाळा, ठाण्यात असा पडलास तर उचलायला कोण आहे? तूच ये इथे राहायला." पोट धरून हसला, हसता हसता डोळे पुसले. बॅग पुन्हा कपाटात गेली.

आता माझा शब्द. पावसाआधी पट्टा उतरवून कोरडा ठेवीन, दिवाळीनंतर पुन्हा बांधीन, आणि पोफळीला कधीच नाही. मध्यावर तुमचा हात आता शोधणार नाही. पण आंब्याला टेकले की एकदा वळून फणसाकडे बघेन. तिथे उभे राहा.

तुमची,
सुलभा