परवाचे सात मांडे

मंगळवार, दिवेलागण

आज वेणी घालायला हात वर गेलेच नाहीत. सुनेला म्हटलं, "जरा घालून दे गं." तर हसली. "आई, परवा खापरावर सात मांडे केले, तेव्हा बरे चालले हात!"

केले, खरं आहे. नात सासरहून आली होती, अंगही जरा हलकं होतं, मग राहवलं कुठं? पुरणाचा मांडा कोपरापर्यंत हातांवर झुलवत वाढवला. आज सगळं अंग ठणकतंय, ते कोणाला दाखवू? डॉक्टरांनी कागदावर फायब्रोमायल्जिया लिहिलं, म्हणजे तपासणीत न दिसणारं अंगभर दुखणं, तरी मुलगा म्हणतो, "आई, रिपोर्ट तर सगळे नॉर्मल आहेत. टेन्शन नको घेऊ." जसं काही मीच हे दुखणं बाजारातून निवडून आणलं!

सात मांडे. आठ वर्षांचं दुखणं सात मांड्यांनी खोटं पाडलं. सुनेनं वेणी घातली, पण ओढून.

म्हणजे आता दुखणं नाही, बरं वाटणं लपवायचं. नात पुन्हा येईल, हात चालत असतील, आणि मी म्हणेन, "नाही गं बाई, जमत नाही." तिच्याशी आजवर कधी खोटं बोलले नव्हते.