बीरगावचा पिझ्झा

रायपूर,
१८ जानेवारी २०२६

चि. गंधाली हिस,
अनेक आशीर्वाद.

आम्ही इथे आहोत तसेच आहोत. तुझ्या सासऱ्यांचे गुडघे थंडीनं धरले, पण तक्रार करायले तोंड शाबूत आहे. वर्ध्याले माहेरी तू अन् तुझी आई शांताबाई बऱ्या असाल असं धरून चालते. तू फोन उचलत नाहीस त्याचा राग नाही. मी तरी कुठे कोणाचा उचलते? म्हणून पत्र लिहून राहिली. पत्र वाजत नाही, तुले वाटेल तेव्हा उघडता येते.

तुले खरं वाटणार नाही, पण दिवाळीपासून मी रायपूरभर पिझ्झे खात फिरून राहिली. हव, मीच! तुम्ही दोघं शनिवारी बाहेरून खाऊन यायचे अन् माझ्या भीतीनं पुन्हा ताटावर बसून वांग्याची भाजी गिळायचे, ते मले कळत नव्हतं असं समजू नको. यशदीपच्या शर्टाले वास यायचा. मी मुद्दाम एक पोळी जास्त वाढायची.

आता मी त्यातली जाणकार झाली. समता कॉलनीतल्या दुकानात खुर्च्या इतक्या उंच, की बसलं की पाय लोंबकळतात. तिथला पोरगा म्हणे, "आंटी, क्रस्ट कौन सा?" मी म्हटलं, "बेटा, जो जला न हो." तेलीबांधाच्या तलावाजवळ नाव मोठं अन् पिझ्झा पापडाएवढा. नवा रायपूरले गेलो, तर रस्ता मैदानासारखा मोकळा, दुकान त्याहून मोकळं, अन् पिझ्झ्यावर हिरवी पानं कच्चीच टाकलेली. तुझे सासरे म्हणाले, "इंदू, हे माणसाचं आहे का बकरीचं?" अभनपूरच्या रस्त्यावर एकानं वर शेव भुरभुरली होती. ते बाकी मले आवडलं.

सगळ्या दुकानांत मी मोबाईलमधला यशदीपचा फोटो दाखवायची अन् विचारायची, "ये लड़का आता था क्या?" कोणी नाही म्हणायचे, कोणी आमच्या तोंडाकडे पाहून हो म्हणायचे. दोन तुकडे डब्यात घालून घरी आणायचे अन् सकाळी गरम करून गच्चीवर कावळ्यांपुढे ठेवून खाली यायचं, असा माझा नेम. शेजारची क्षमा म्हणते, काकूंचं डोकं फिरलं. माझ्या तोंडावर म्हणत नाही, एवढा तिचा मोठेपणा.

तुलेच फोन करून विचारता आलं असतं, की तो कुठे खायचा. पण तू "काहून?" विचारलं असतं, अन् नक्की झाल्याशिवाय मले सांगायचं नव्हतं.

आता सांगते. दिवाळी झाल्यावर शांताबाईंचा फोन आला. रडत होत्या. वर्ध्यातलाच शिशिर म्हणून मुलगा आहे, बँकेत आहे, त्याची पहिली बायको बाळंतपणात गेली, माणसं चांगली आहेत, अन् तुले पाहून त्यानं स्वतः लग्नाचं विचारलं, हे सगळं सांगितलं. मग म्हणाल्या, "इंदूताई, पोट्टी एकच म्हणते. आई, मी शब्द दिला अन् कावळा शिवला. आता माझ्या हातात काही नाही."

मी फोन ठेवला अन् गॅसवरचं दूध उतू जाताना पाहत उभी राहिली.

घाटावरचा तो दिवस मले पुन्हा आठवायचा नव्हता. पण तू डोळे मिटून होतीस, तुले काही दिसलं नाही, म्हणून लिहावं लागते. उरल्याच्या कारखान्याकडच्या रस्त्यावर ट्रकनं यशदीपले नेलं, त्याचा तो दहावा. महादेव घाटावर पिंड ठेवले अन् कावळे समोरच्या पिंपळावर बसून राहिले. एक खाली येईना. जिलेबी ठेवली, भजी ठेवली, चहासुद्धा ठेवला. तुझ्या सासऱ्यांनी हात जोडून सांगितलं, "बापा, तुझ्या आईले मी सांभाळतो." तरी नाही. ऊन डोक्यावर आलं. गुरुजी म्हणाले, दर्भाचा कावळा करून शिववू. तेव्हा आमचे मोठे भावजी, गुलाबराव, पुढे आले. म्हणाले, "ह्याचा जीव बायकोत अडकला." मग पिंडाकडे तोंड करून मोठ्यानं बोलले, "यशदीप, तुझी बायको ह्याच घराची राहील, तुझ्याच नावानं राहील, दुसऱ्या कोणाचा विचार मनात आणणार नाही." तुझ्या ओंजळीत पाणी घातलं अन् तुझ्याकडून तेच वदवून घेतलं. तुझा आवाज फुटत नव्हता. भावजी म्हणाले, "मोठ्यानं म्हण, त्याले ऐकू गेलं पाहिजे." तू म्हटलं, पाणी सोडलं, अन् कावळा खाली आला.

"शिवला! शिवला!" सगळे ओरडले. बायांनी पदर डोळ्याले लावले. गंधाली, खोटं काहून लिहू, मलेही त्या क्षणी फार बरं वाटलं. माझा पोरगा आला, जेवला, गेला असं वाटलं. त्याच्यानंतर जे दिवस काढले, ते मी ह्या एका गोष्टीवर काढले. तुझे सासरे तर तेव्हापासून रोज सकाळी पहिली पोळी गच्चीवर नेतात, "ये रे यश, ये बापा," म्हणून हाक मारतात, अन् कावळ्याले घरातल्या गोष्टी सांगत बसतात. गुडघे दुखोत की काही होवो, जिना चढतातच.

पण तो घाटावरचा कावळा उडाला, तेव्हा त्याच्या चोचीतून पांढरी तार लोंबत होती. मी पाहिली. पूजेतला धागा असेल म्हटलं अन् सोडून दिलं. मग शांताबाईंच्या फोननंतर थोड्याच दिवसांनी क्षमाच्या घरी वाढदिवस होता. कोणीतरी पिझ्झ्याचा तुकडा उचलला अन् त्याच्यामागे तशीच तार निघाली, लांब, पांढरी, तुटता तुटेना. अव माय! माझ्या हातातला पेढा हातातच राहिला. भाताच्या पिंडाले कुठे तार सुटते?

घाटावर त्याच्या कंपनीतले, ओळखीचे-अनोळखी किती तरी पोट्टे आले होते. कोणाचं नाव मले माहीत नाही. पण ज्यानं पिंडापाशी पिझ्झा ठेवला त्याले यशदीपचं दुकान माहीत असणार, एवढं समजलं. म्हणून ही पिझ्झ्याची वारी.

बीरगाव मले आधीच सुचायले पाहिजे होतं. पोट्टा दिवसभर उरल्याच्या कारखान्यात, तो भूक लागली तर तलाव पाहायले कशाले जाईल? उरल्याले लागूनच बीरगाव, तिथल्या बाजारात पत्र्याखाली एक दुकान आहे, लोखंडी पिंप आडवं करून भट्टी केलेली. लोकेश नावाचा तिशीचा माणूस चालवतो. गर्दी सगळी कारखान्यातल्या माणसांची. कांदा, हिरवी मिरची, वरून कोथिंबीर, अन् खाली भाजलेल्या पिठाचा चुलीवरच्या भाकरीसारखा वास. रायपुरातला सगळ्यात चांगला पिझ्झा तोच, हे मी कोणालेही लिहून देते.

मी फोटो दाखवायच्या आधीच त्यानं मले ओळखलं. कणकेचे हात तसेच घेऊन बाहेर आला. म्हणाला, "काकी, आप यश भैया की मम्मी हो न?" मी विचारलं, घाटावर पिझ्झा कोणी ठेवला? त्यानं मान खाली घातली. "हव काकी, मैंने ही रखा था. कौवा आ नहीं रहा था तो मैं बीच में उठकर दुकान भागा, गरम बनवाकर लाया. भैया को यही पसंद था. पत्तल के नीचे सरका दिया, डर था महाराज डाँटेंगे." केव्हा ठेवला, मी विचारलं. तो म्हणाला, "जब बड़े बाबूजी भाभी से बुलवा रहे थे. सब उधर ही देख रहे थे."

मी त्याले तेच पुन्हा एकदा सांगायले लावलं. तुझ्या सासऱ्यांनी पाणी दिलं. लोकेशले वाटलं, आम्ही रागावलो. माफी मागत होता बिचारा.

तरी मी लगेच लिहिलं नाही. मले स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी गच्चीवर भाताचा गोळा ठेवला, वर तीळ घातले, अन् भावजींचं वाक्य जसंच्या तसं मोठ्यानं म्हटलं. तुझं नाव घेऊन म्हटलं. कावळा टाकीवर बसून राहिला, मान वाकडी करून पाहत. पुन्हा म्हटलं. तो हलला नाही. क्षमा खिडकीतून पाहत होती, पाहू दे. मग लोकेशचा पिझ्झा गरम करून ठेवला अन् तोंडातून एक शब्द काढला नाही. मी दोन पावलं मागे सरायच्या आत तो झडप घालून गेला, अन् चोचीतून तीच तार.

मले मोठा आनंद झाला गं. वाटलं, झालं, पोट्टी सुटली. यशदीप तुझ्या शपथेले नाही, आपल्या आवडीच्या घासाले आला होता! हेच तुले लिहावं, गोड पत्र लिहावं. कागद घ्यायले खाली येऊन राहिली होती, अन् जिन्यात पाय थांबले. गच्चीवर आज कोणाचा दहावा होता? कोणाचं नाव घेतलं मी? कोणाचंच नाही. तरी कावळा आला. म्हणजे तिथेही नुसता कावळाच आला होता. तिथेच पायरीवर बसून मी रडली. दहाव्याले रडली नव्हती, तितकी.

१९ जानेवारी

काल इथेच थांबली. तुझ्या सासऱ्यांनी मागे उभं राहून सगळं वाचलं होतं. म्हणाले, "इंदू, पोरीले मोकळं कर, पण पिझ्झ्यापर्यंतच लिही. तो त्याच्या आवडीनं आला होता, असं लिही. एवढं तरी राहू दे आपल्याजवळ."

मले त्यांची दया आली अन् रागही आला. मी म्हटलं, "अहो, तो घाटावर आला होता असं आपण धरलं, तर त्यानं शपथही ऐकली असंच ती धरणार. उद्या तिच्या हळदीले कावळा ओरडला, तर ती पाटावरून उठेल. अर्धं खोटं ठेवून पोट्टी पूर्ण सुटत नाही." ते स्वेटर घालून ओसरीत बसले.

म्हणून पूर्ण लिहिते. भावजींनी तुले शब्द द्यायले लावला, तो ऐकायले तिथे कोणी नव्हतं. उन्हात भुकेला कावळा होता, गरम पिझ्झा होता, अन् आपण सगळे वेडेपिसे झालेले होतो. यशदीप उरल्याच्या रस्त्यावरच गेला, बाई. तो घाटावर आला नाही, गच्चीवर येत नाही, अन् तुझ्यावर डोळा ठेवून कुठल्या पिंपळावर बसलेला नाही.

पुढच्या महिन्यात वर्षश्राद्ध आहे. तू आली नाहीस तरी चालेल. गुलाबराव भावजींले मी सगळ्यांसमोर सांगणार आहे, अन् लोकेशले पंगतीत बसवणार आहे. भावजी रुसले तर रुसू दे, त्यांच्या रुसण्यानं काही आमच्या घरची चूल विझत नाही.

शिशिरले भेट. पटला तर हो म्हण. नाही पटला तर नाही म्हण, पण ते 'नाही' तुझं असू दे, कावळ्याचं नको. पत्राच्या वर तुझ्या नावाआधी सवयीनं 'सौ.' लिहायले गेली अन् हात मागे घेतला. तुझ्या लग्नपत्रिकेवर कोणी ते लिहिलं, तर सगळ्यात आधी ती मले पाठव. मी रडेन, पण तू पाठव.

आज सकाळी तुझे सासरे पोळी घेऊन वर गेले. मी खालून कान देऊन उभी होती. त्यांनी हाक मारली नाही. पोळी ठेवली अन् लगेच खाली आले.

मोकळ्या मनानं राहा.

तुझी,
इंदू
(यशदीपची आई)