तिन्ही बाटल्या तपकिरी

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार (गुडघ्यांमुळे मनातल्या मनात). तुझा खांदा आता वर जातो का? भाऊजी कानात यंत्र घालतात, की अजून सोयीने बहिरे आहेत? मी ठणठणीत आहे. फक्त स्वयंपाकघराला माशांचा वास येतो, त्याचीच हकीकत.

तुला ठाऊकच आहे, चार महिन्यांपूर्वी सूनबाईने तिच्या घरी, ऑफिसातल्या पाहुण्यांसाठी थाई नूडल्स केले होते आणि त्यांच्यादेखत मी म्हणाले होते, "बाटलीतून ओतलं, यात स्वयंपाक कुठे आला?" (हळूच म्हणाले होते. पण आपल्या घराण्याचं हळू तुला माहीत आहे.) तेव्हापासून ती इकडे फिरकली नाही. चिरंजीव रविवारी एकटे येतात, जेवतात, घड्याळाकडे बघतात आणि जातात. शेवटी मीच तिला शनिवारी जेवायला बोलावलं आणि ठरवलं, तिचेच नूडल्स करायचे, तेही बाटलीतून ओतून. म्हणजे तिला काय ते कळेल, वेगळं बोलायला नको.

चिंचेचा तयार सॉस, माशांचा सॉस आणि सोया सॉस आणले. आणि आईने लावलेली सवय! बाटली कोमट पाण्यात बुडवायची, लेबल खरवडायचं, मग लखलखीत रांगेत उभी करायची. (आई हे रिकाम्या बाटल्यांचं करायची, ते नंतर आठवलं.) दिसत कशा होत्या म्हणून सांगू! पण तिन्ही तपकिरी. कृती लेबलावर आणि लेबलं मोरीत. सर्दीने नाक बंद, आणि चाखून बघायचं तर उष्टं होणार. मधली ती चिंच, असं ठरवून अर्धी वाटी तापल्या कढईत ओतली. समोरच्या शिंपीणबाई दार ठोठावून विचारून गेल्या, तुमचा फ्रीज बंद पडलाय का.

अब्रू गुंडाळून ठेवली आणि सूनबाईलाच फोन लावला. "आई, लेबल वाचा ना." म्हटलं, काढली. "का?" म्हटलं, धुतली. वाटलं, संपलं आता. मग अशी हसली, अशी हसली, की फोन कानापासून लांब धरावा लागला. तासभर आधीच आली, तिन्ही बाटल्यांतलं बोटावर घेऊन चाखलं (मी भिंतीकडे बघत राहिले), कढई मला घासायला दिली आणि दहा मिनिटांत नूडल्स केले. मी दोनदा वाढून घेतले. निघताना मात्र चप्पल घालता घालता तिने विचारलंच, "आई, त्या दिवशी तसं का म्हणालात?"

मी उत्तर दिलं. ते खाली लिहिते. मुलांना आशीर्वाद.

तुझी,
धाकटी

ता. क. मी सांगितलं की ते वाक्य मुळात तुझं, तूच माझ्या डोक्यात भरवलंस. ती गुरुवारी तुला फोन करणार आहे. तू लांब राहतेस, तुझ्यावर तिला निवांत रागावता येईल. तेवढं सोस.

ता. क. २ तिचं रागावून झालं की माझ्या वतीने "चुकलं" म्हण. शाळेत नन्सनी दिवसातून दहादा सॉरी म्हणायला लावलं, ते शिंकेसारखं येतं. मराठीतलं हे मात्र घशातच बसतं.

ता. क. ३ राहू दे. पाकीट चिकटवण्याआधी मीच फोन केला. "चुकलं गं माझं," म्हणाले. ती म्हणाली, पुढच्या शनिवारी आपण दोघी मिळून करू. तुला मात्र फोन करणारच म्हणते. ते वाक्य माझंच होतं, हे अजून सांगितलेलं नाही. एका दिवसात किती कबूल करायचं? सांभाळून घे.